पीग्लो किट : जिवाणूंमधील जनुकनियमन शिकवण्यासाठी कितपत उपयोगी?

बायो-रॅड कंपनीचे ‘पीग्लो’ किट जिवाणूंच्या ट्रान्सफॉर्मेशनचे, म्हणजे त्यांच्या पेशीत बाहेरून डीएनए घालण्याचे, प्रात्यक्षिक म्हणून विकले जाते. विद्यार्थी ई. कोलाय या जिवाणूत एक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, घालतात, दुसऱ्या दिवशी प्लेट अतिनील दिव्याखाली धरतात आणि हिरव्या चमकणाऱ्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, पाहतात. पदवीच्या वर्गांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हे किट वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की निव्वळ ट्रान्सफॉर्मेशन दाखवण्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. जिवाणू स्वतःजवळच्या जनुकांपैकी कोणते केव्हा वापरायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे कसे ठरवतो, ही पाठ्यपुस्तकात आकृतीपुरती उरणारी गोष्ट हे किट डोळ्यांना दाखवते, आणि त्याचे खरे मोल तिथे आहे. अडचण एवढीच, की किटासोबत येणाऱ्या ठरावीक कार्यपद्धतीत ही गोष्ट अर्धीच बाहेर येते. उरलेली बाहेर काढण्यासाठी आणखी काही प्लेट स्वतः ओताव्या लागतात. हे परीक्षण त्या दृष्टीने लिहिले आहे.

किटातील मुख्य साहित्य आठ गटांना पुरेल इतके असते. ई. कोलायची एचबी १०१ ही जात, पीग्लो प्लाझ्मिड, अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक आणि अ‍ॅरॅबिनोज ही साखर हे चारही घटक वाळवलेल्या रूपात, वेगवेगळ्या कुप्यांमध्ये मिळतात. त्याखेरीज कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण, एलबी हे जिवाणू वाढवण्याचे माध्यम, ते घट्ट करणारे अगर, लहान पेट्री डिश, निर्जंतुक लूप, पिपेट आणि रंगीत नळ्या असतात. पाण्याचा टब, इन्क्युबेटर आणि बर्फ अर्थातच आपला. साहित्याच्या दर्जाबद्दल तक्रार करण्यासारखे मला काही आढळले नाही. लूप आणि पिपेट एकदाच वापरून टाकायचे असल्यामुळे ज्या वर्गात बर्नरवर लूप तापवण्याची सवय अजून मुरलेली नाही, तिथेही एका नळीतले दुसरीत जाण्याचा धोका कमी राहतो.

कार्यपद्धती थोडक्यात अशी. प्रत्येक गट दोन नळ्या घेतो. दोन्हींत २५० मायक्रोलीटर कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण आणि एकेक जिवाणू-वसाहत घातली जाते, प्लाझ्मिड मात्र एकाच नळीत जाते. दहा मिनिटे बर्फात, मग ५० सेकंद ४२ अंश सेल्सियसच्या पाण्यात, पुन्हा दोन मिनिटे बर्फात, त्यानंतर माध्यम घालून दहा मिनिटे खोलीच्या तापमानाला, आणि शेवटी नळ्यांतील १०० मायक्रोलीटर द्रव प्लेटवर पसरायचा. रात्रभर ३७ अंशांना ठेवल्यावर चार प्लेटवर चार निकाल मिळतात. प्लाझ्मिड न घातलेले जिवाणू साध्या माध्यमावर दाट थर धरतात आणि अ‍ॅम्पिसिलिन असलेल्या माध्यमावर वाढत नाहीत. प्लाझ्मिड घातलेले जिवाणू अ‍ॅम्पिसिलिनवर मोजक्या पांढऱ्या वसाहती देतात आणि अ‍ॅम्पिसिलिनसोबत अ‍ॅरॅबिनोजही असेल तर तितक्याच, पण चमकणाऱ्या वसाहती देतात.

वर्गात या चारांपैकी पहिल्या दोन प्लेटवरच चर्चा रेंगाळते, मग वसाहती मोजून ट्रान्सफॉर्मेशनची कार्यक्षमता काढली जाते आणि तास संपतो. माझ्या मते प्रात्यक्षिकाचा गाभा शेवटच्या दोन प्लेटमध्ये आहे. त्या दोन्हींवर एकाच नळीतला द्रव पसरलेला असतो. दोन्हींवरच्या पेशींत तेच प्लाझ्मिड आहे, त्यात त्याच ५३७१ बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, आहेत, हिरव्या प्रथिनाचे तेच जनुक आहे आणि अ‍ॅम्पिसिलिनला दाद न देणारेही. फरक आहे तो माध्यमातल्या एका साखरेचा. तरीही विद्यार्थ्यांना विचारले, की पांढऱ्या वसाहती का चमकत नाहीत, तर चांगले गुण मिळवणारी मुलेसुद्धा ‘त्यांच्यात जनुक गेले नाही’ असे उत्तर देतात. जनुक गेले नसते तर ती वसाहत अ‍ॅम्पिसिलिनवर वाढलीच नसती, हे त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत शिक्षकाने थांबायला हवे. ‘जनुक असणे’ आणि ‘जनुक व्यक्त होणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या कमी साहित्यात इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे तयार प्रात्यक्षिक माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या साखरेचे काम नेमके काय आहे, हे पाहणे आवश्यक आहे, कारण किटाची रचना त्यावर उभी आहे. ई. कोलायला अ‍ॅरॅबिनोज खाण्यासाठी तीन एन्झाइमे लागतात आणि त्यांची जनुके गुणसूत्रावर सलग, एका प्रमोटरखाली, म्हणजे जनुकाचे वाचन जिथून सुरू होते त्या डीएनएच्या तुकड्याखाली, असतात. या गटाला अ‍ॅराबॅड ऑपेरॉन म्हणतात. अ‍ॅरॅबिनोज उपलब्ध नसताना ही एन्झाइमे बनवत बसणे म्हणजे अमिनो आम्ले आणि ऊर्जा वाया घालवणे, म्हणून जिवाणू तो प्रमोटर बंद ठेवतो. पीग्लो प्लाझ्मिडमध्ये त्या तीन जनुकांच्या जागी जेलीफिशमधून आलेले हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे, म्हणजे जीएफपीचे, जनुक बसवले आहे. प्रमोटर मात्र जिवाणूचाच ठेवला आहे, आणि त्याचे नियंत्रण करणाऱ्या अ‍ॅरासी या प्रथिनाचे जनुकही सोबत दिले आहे. म्हणजे विद्यार्थी दिव्याखाली पाहतो तो उजेड जेलीफिशच्या प्रथिनाचा असला, तरी तो केव्हा लागावा हे ठरवणारी सारी यंत्रणा ई. कोलायची स्वतःची आहे.

ही निवड मला विशेष महत्त्वाची वाटते, त्याचे कारण आपल्या अभ्यासक्रमात आहे. बारावीपासून पदवीपर्यंत जनुकनियमनाचे उदाहरण म्हणून लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज ही दुधातील साखर पचवणाऱ्या जनुकांचा गट, शिकवला जातो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेले ते प्रारूप आहे आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले. त्या प्रारूपात रिप्रेसर नावाचे प्रथिन डीएनएवर बसून वाट अडवते, लॅक्टोजपासून बनलेला रेणू त्याला चिकटला की ते उठते आणि वाट मोकळी होते. प्रारूप सुंदर आहे, परंतु तेवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याची समजूत अशी होते, की नियमन म्हणजे अडवणे आणि अडवणारा बाजूला झाला की जनुक आपोआप चालू होते.

अ‍ॅरॅबिनोजची गोष्ट या समजुतीत बसत नाही. एलिस एंगल्सबर्ग यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की अ‍ॅरासीचे जनुक निकामी केले तर ऑपेरॉन सतत चालू राहत नाही, उलट तो कायमचा बंद पडतो. अ‍ॅरासी जर निव्वळ रिप्रेसर असता, तर त्याच्या अभावी एन्झाइमे अखंड बनत राहायला हवी होती. त्या काळात जाकोब आणि मोनो यांच्या प्रारूपाचा प्रभाव एवढा होता, की जनुक चालू करण्यासाठी एखाद्या प्रथिनाची मदत लागते ही कल्पना सहजी स्वीकारली गेली नाही. पुढे रॉबर्ट श्लाइफ यांच्या प्रयोगशाळेने त्याची यंत्रणा उलगडली आणि ती अपेक्षेपेक्षा अधिक गुंतागुंतीची निघाली. अ‍ॅरासीचे रेणू जोडीने काम करतात. अ‍ॅरॅबिनोज नसताना जोडीतला एक रेणू प्रमोटरलगतच्या जागेला धरतो आणि दुसरा तिथून सुमारे २१० बेस-जोड्या दूर असलेल्या जागेला. त्यामुळे मधला डीएनए वळून त्याचा फास तयार होतो आणि जनुकाची प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेझ या एन्झाइमला प्रमोटरवर बसता येत नाही. अ‍ॅरॅबिनोज चिकटले की जोडीची ठेवण बदलते. दूरची जागा सुटते, दोन्ही रेणू प्रमोटरलगतच्या शेजारशेजारच्या जागांवर बसतात आणि तिथून ते पॉलिमरेझला काम सुरू करण्यास साहाय्य करतात. एकच प्रथिन साखर नसताना अडवते आणि साखर असताना चालना देते.

फासाचा पुरावा फार देखणा आहे आणि वर्गात सांगण्याजोगा आहे. डीएनएच्या पिळाचा एक पूर्ण फेरा साधारण साडेदहा बेस-जोड्यांत होतो. श्लाइफ यांच्या गटाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दोन जागांच्या मधल्या भागात काही बेस-जोड्या जास्तीच्या घातल्या. अर्ध्या फेऱ्याइतकी भर घातली तर दूरची जागा पिळाच्या विरुद्ध बाजूला जाते, प्रथिनाला ती धरण्यासाठी डीएनए पिळावा लागतो आणि जनुक बंद ठेवण्याची क्रिया बिघडते. पूर्ण फेऱ्याइतकी भर घातली तर दोन्ही जागा पुन्हा एका बाजूला येतात आणि अंतर वाढूनही क्रिया पूर्ववत होते. असा चढ-उतार निव्वळ अंतराने समजावता येत नाही. किटामध्ये हे करून पाहण्याची सोय नाही आणि असावी अशी अपेक्षाही नाही, परंतु पांढरी वसाहत हातात असताना हा प्रयोग सांगितला, की ‘बंद’ हीसुद्धा पेशीने खपून राखलेली स्थिती आहे, हे विद्यार्थ्यांना पटते.

किटातल्या जिवाणूच्या जातीची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. एचबी १०१ मध्ये अ‍ॅरॅबिनोजच्या पचनात बिघाड करणारे एक उत्परिवर्तन आहे, त्यामुळे हे जिवाणू ती साखर आत घेऊ शकतात, पण तिचा अन्न म्हणून उपयोग करू शकत नाहीत. प्लेटमध्ये घातलेले अ‍ॅरॅबिनोज केवळ संदेश म्हणून राहते आणि वाढीबरोबर संपत जात नाही. ‘साखर मिळाल्यामुळे जिवाणू जास्त जोमाने वाढले आणि म्हणून चमकले’ असा आक्षेप एखाद्या चौकस विद्यार्थ्याने घेतला, तर त्याला याच मुद्द्यावर उत्तर देता येते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे किटाच्या ठरलेल्या प्लेटमध्ये ग्लुकोज असलेली प्लेट नाही. जिवाणूचे नियमन एका प्रश्नावर थांबत नाही. ‘अ‍ॅरॅबिनोज आहे का?’ याच्या जोडीला ‘त्याहून सोयीचे काही उपलब्ध आहे का?’ हेही पेशी पाहते. मोनो यांनी १९४१ च्या आपल्या प्रबंधात वर्णन केलेली दोन टप्प्यांची वाढ याच प्रश्नाशी निगडित आहे. दोन साखरा एकत्र दिल्या, तर जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात, थोडा वेळ थांबतात आणि मग दुसरीकडे वळतात. ग्लुकोज आत घेतले जात असताना पेशीतील सीएएमपी या रेणूचे प्रमाण घटते. जनुक चालू करण्यास मदत करणारे सीआरपी हे प्रथिन सीएएमपीशिवाय डीएनएवर नीट बसत नाही आणि अ‍ॅराबॅडच्या प्रमोटरला अ‍ॅरासीखेरीज सीआरपीचीही गरज असते. शिवाय ग्लुकोजमुळे इतर साखरांचा पेशीतला प्रवेशही मंदावतो. परिणामी अ‍ॅरॅबिनोज भरपूर असूनही जनुक जवळजवळ बंद राहते.

ही प्लेट स्वतः तयार करणे अवघड नाही. अ‍ॅम्पिसिलिन आणि अ‍ॅरॅबिनोजच्या माध्यमात ०.५ ते १ टक्का ग्लुकोज घालावे, मात्र ते वेगळे निर्जंतुक करून, कारण माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह केल्यास, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवल्यास, ते तपकिरी पडते. अ‍ॅम्पिसिलिन उष्णतेने खराब होते, म्हणून तेही अगर साधारण ५० अंशांपर्यंत निवल्यावरच घालावे. या प्लेटवरच्या वसाहती शेजारच्या अ‍ॅरॅबिनोज-प्लेटच्या तुलनेत अगदी फिक्या दिसतात. विद्यार्थ्यांना निकाल आधी सांगू नये. अ‍ॅरॅबिनोज असूनही उजेड का नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर तसाच ठेवावा. माझ्या अनुभवात संपूर्ण प्रात्यक्षिकातील सर्वांत चांगली चर्चा या एका प्लेटवर होते आणि तिचा खर्च ग्लुकोजच्या चमचाभर पुडीइतका असतो. निर्मात्यांनी ही प्लेट मूळ कार्यपद्धतीतच घालायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी भर अ‍ॅरॅबिनोजच्या प्रमाणाची. ०.२ टक्क्यापासून सुरुवात करून दर वेळी दहापट कमी करत चार-पाच प्लेट केल्या, तर चमक पायरीपायरीने घटताना दिसते. इथे शिक्षकाने सावध राहावे. विद्यार्थी साहजिकच असा निष्कर्ष काढतात, की प्रत्येक पेशी थोडी थोडी मंद झाली. डेबोरा सीगेल आणि जेम्स हू यांनी १९९७ मध्ये याच प्रमोटरवर जीएफपी लावून दाखवले, की मधल्या प्रमाणांत काही पेशी चांगल्या चमकतात, बाकीच्या जवळजवळ चमकतच नाहीत, आणि नळीतला किंवा वसाहतीतला मंद उजेड ही त्या दोन गटांची सरासरी असते. कारण असे, की अ‍ॅरॅबिनोज आत आणणारी वाहक प्रथिनेसुद्धा अ‍ॅरॅबिनोजनेच वाढतात. ज्या पेशीत योगायोगाने आधीच थोडी वाहक प्रथिने आहेत, तिच्यात साखर शिरते, त्यामुळे आणखी वाहक बनतात, आणखी साखर शिरते, आणि ती पेशी पूर्ण चालू होते. शेजारची पेशी उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. लॅक ऑपेरॉनच्या बाबतीत असेच वर्तन एरन नोविक आणि मिल्टन वाइनर यांनी १९५७ मध्येच नोंदवले होते. अतिनील दिव्याने हा फरक दिसत नाही, त्यासाठी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. जवळच्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत तो असेल, तर मधल्या प्रमाणाच्या प्लेटवरील वसाहतीचा नमुना घेऊन तिथे जाण्याचा खटाटोप अवश्य करावा. जनुकतः सारख्या पेशी सारख्या परिस्थितीत दोन वेगळ्या अवस्थांमध्ये राहू शकतात, हे एका दृश्यात कळते.

तिसरी भर तर फुकटची आहे. चमकणारी वसाहत लूपने उचलून अ‍ॅरॅबिनोज नसलेल्या अ‍ॅम्पिसिलिन-प्लेटवर रेषांनी पसरावी आणि पांढरी वसाहत अ‍ॅरॅबिनोजच्या प्लेटवर. दुसऱ्या दिवशी दोघींनी अवस्था बदललेल्या असतात. पांढरी चमकू लागणे अपेक्षितच असते, पण चमकणारी का विझली, यावर विचार करायला लावावे. जीएफपी टिकाऊ प्रथिन आहे, ते सहजासहजी मोडत नाही. नवीन बनणे थांबले, की प्रत्येक विभाजनात आधीचा साठा दोन पेशींत वाटला जातो. एका पेशीपासून दिसण्याजोगी वसाहत होईपर्यंत वीसहून अधिक विभाजने होतात आणि वीस विभाजनांत मूळ साठा दहा लाखांहून अधिक वाट्यांत विभागला जातो. जनुक बंद करणे आणि त्या जनुकाचे प्रथिन नाहीसे होणे या दोहोंत काळाचे अंतर असते आणि वेगाने वाढणारा जिवाणू ते अंतर केवळ वाढीने भरून काढतो.

याच ठिकाणी किटाची एक अंगभूत मर्यादाही पुढे येते. जनुक चालू झाल्याचा क्षण जीएफपीने पकडता येत नाही. प्रथिनाची साखळी तयार झाल्यावर तिच्यातील सेरीन, टायरोसिन आणि ग्लायसीन ही तीन अमिनो आम्ले आपापसांत जोडली जाऊन रंगद्रव्याचा गाभा बनतो. त्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि वेळही लागतो. म्हणून दिव्याखाली दिसणारा उजेड पेशीतल्या निर्णयाच्या बराच मागून येतो. किती वेगाने, किती पट, किती मिनिटांत अशा प्रश्नांची उत्तरे या किटाकडून मिळणार नाहीत. ते ‘आहे’ आणि ‘नाही’ चे प्रात्यक्षिक आहे आणि तेवढ्या कामात ते चोख आहे.

प्रत्यक्ष कामातल्या काही सूचना. बर्फाचा चुरा हवा, तुकडे चालत नाहीत, कारण नळीला सगळीकडून थंडावा मिळाला तरच ४२ अंशांचा धक्का खरा धक्का ठरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, म्हणून प्रात्यक्षिक शक्यतो सकाळच्या सत्रात घ्यावे. प्लेट २४ तासांहून अधिक काळ इन्क्युबेटरमध्ये राहू देऊ नयेत. ट्रान्सफॉर्म झालेल्या पेशी अ‍ॅम्पिसिलिन मोडणारे एन्झाइम बनवतात, ते आजूबाजूला पसरते आणि मोठ्या वसाहतींच्या भोवती प्लाझ्मिड नसलेल्या बारीक वसाहतींची रांगोळी उमटते. त्या चमकत नसल्यामुळे अ‍ॅरॅबिनोजच्या प्लेटवरचा सगळा युक्तिवाद गढूळ होतो. शनिवारी प्लेट ठेवून सोमवारी पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दिवा लांब तरंगलांबीचा अतिनील असावा. जेल पाहण्यासाठी असलेला कमी तरंगलांबीचा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारक असतो. खोली पुरेशी अंधारी नसेल, तर चांगली प्लेटही निरस दिसते. खरेदीच्या बाबतीत, आम्हाला ज्या स्थानिक पुरवठादारामार्फत किट मिळाले, त्याने दिलेली तारीख पाळली नाही आणि काही पेट्री डिश तडकलेल्या निघाल्या. म्हणून वेळापत्रक ठरवण्यापूर्वी माल हातात असू द्यावा आणि पेटी पुरवठादाराच्या माणसासमोर उघडावी.

एका गोष्टीकडे महाविद्यालयांत सर्रास दुर्लक्ष होते. हे जनुकीय बदल केलेले जिवाणू आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार असे जीव हाताळणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समितीची व्यवस्था अपेक्षित आहे. किट शैक्षणिक आहे, जात रोगकारक नाही, हे खरे असले तरी आपल्या संस्थेला काय लागू होते, हे आधी विद्यापीठाकडे विचारून घ्यावे आणि वापरलेल्या प्लेट, लूप आणि नळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक वाहणारे जिवाणू बेसिनमध्ये ओतणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

खरेदीच्या निर्णयापूर्वी तुलना करायची ती जुन्या बीटा-गॅलॅक्टोसिडेझच्या प्रात्यक्षिकाशी. त्यात लॅक ऑपेरॉनचे हे एन्झाइम ओएनपीजी या रंगहीन पदार्थाचे विघटन करते, पिवळा रंग तयार होतो, सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवली जाते आणि ४२० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजली जाते. जेफ्री मिलर यांनी १९७२ मध्ये रूढ केलेल्या एककांत निकाल मांडता येतो. लॅक ऑपेरॉन चालू करणारे आयपीटीजी हे रसायन घातल्यावर दोन-तीन मिनिटांतच एन्झाइमची वाढ सुरू होते आणि विद्यार्थी दर पाच मिनिटांनी नमुने घेऊन स्वतः आलेख काढू शकतात. ग्लुकोजचा परिणामही आकड्यांत दिसतो. त्यासाठी बदललेले जिवाणू लागत नाहीत, ई. कोलाय के-१२ ची साधी जात पुरते. ती चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहातून, कोणती जात आपल्या कामाची आहे हे विचारून, मागवता येते. किटातला एचबी १०१ मात्र या कामाला लॅक्टोजसोबत वापरू नये, कारण त्याच्यातील लॅक्टोज आत आणणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक सदोष आहे.

या तुलनेत पीग्लो दिसायला आकर्षक, पण मोजमापाला कच्चे ठरते. तरीही ते अ‍ॅरासीसारखे चालना देणारे नियमन दाखवते, जे लॅकच्या प्रात्यक्षिकात रिप्रेसरच्या आड झाकले जाते. विभागाकडे रंगाची तीव्रता मोजणारा कलरीमीटर असेल, ओएनपीजीचे प्रात्यक्षिक नियमित होत असेल आणि ग्लुकोजच्या व कमी-अधिक अ‍ॅरॅबिनोजच्या प्लेट ओतण्याची शिक्षकाची तयारी असेल, तर हे किट निःसंकोच घ्यावे. वर्गात तीस-बत्तीस विद्यार्थी असतील तर चौघांचा एक गट करून एका किटात काम भागते, आणि प्लेट जास्त लागणार असल्यामुळे अगर व पेट्री डिश वेगळ्या मागवून ठेवाव्यात. केवळ विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात चमकणारी प्लेट ठेवायची असेल, तर ती एखाद्या शेजारच्या महाविद्यालयाकडून पाहायला मागावी आणि वाचलेल्या पैशांत कलरीमीटर दुरुस्त करून घ्यावा.